कंबर धरली म्हणून गेले, तिसऱ्या वेळी त्यांनी मला परत पाठवलं

फोंडा ते पणजी स्कूटर, मग आठ तास खुर्ची, संध्याकाळी परत स्कूटर. मार्चपासून कंबर आणि डाव्या खांद्यामागची ती जागा, जिथं आपला स्वतःचा हात पोचतच नाही, दोन्ही धरलेले. एक्सरे नॉर्मल. गोळी घेतली की दोन दिवस बरं, मग परत तेच. शेवटी फोंड्यातल्याच एका छोट्या आयुर्वेदिक मसाज सेंटरला गेले, नाव टाकत नाही कारण आताच रविवारची अपॉइंटमेंट मिळत नाही.

आधी सांगते, मसाज म्हटलं की माझ्या डोक्यात किनाऱ्यावरचाच प्रकार होता. मागच्या वर्षी पुण्याची बहीण आलेली तेव्हा कळंगुटच्या बाजूला एकानं बोर्ड दाखवून आत नेलं, काही विचारलं नाही, तेल कसलं ते सांगितलं नाही, आणि मान अशी काडकन मोडली की मला दोन दिवस मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागत होतं. त्यामुळं इथंही भीतभीतच गेले.

इथं पहिली वीस मिनिटं नुसते प्रश्न. बीपी बघितलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, पायाला सूज आहे का, पाळी चालू आहे का, जेवून आलीस का. मग लाकडी द्रोणीवर (मसाजचं खोलगट टेबल) झोपवलं, महानारायण तेल गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट केलेलं. मसाज करणाऱ्या ताई सत्तरी तालुक्यातल्या, वय पन्नाशीचं असेल, हात म्हणजे काय सांगू. पाठीवर हात ठेवल्याबरोबर म्हणाल्या, "बाय, खांदे कानाला कशाला लावलेस?" मला पत्ताच नव्हता मी ते वर ओढून धरलेत. पाऊण तास अभ्यंग, म्हणजे अंगाला तेलाचा मसाज, मग ती स्वेदनाची पेटी, डोकं तेवढं बाहेर, आत वाफ. गंमत वाटते पण दहा मिनिटांत घामानं न्हायला होतं. नंतर मुगाचं पीठ लावून तेल काढतात. दोन्ही मिळून १४०० रुपये.

त्या रात्री मी साडेनऊला झोपले ते सकाळी सहाला उठले, मधे एकदाही जाग नाही. कंबर साधारण चार दिवस हलकी होती, पाचव्या दिवशी परत कुरकुर. माझी मावसबहीण फिजिओ आहे, ती म्हणाली तेच बरोबर, मसाजनं कंबरदुखी कमी होते पण ती थोड्या काळापुरती. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मसाज असले उपाय करून बघा म्हटलंय, पण मसाजचा पुरावा काही फार भक्कम नाही हेही त्यातच आहे. म्हणून तिनं दिलेले व्यायाम सोडलेले नाहीत (बरं, रोज करते असंही नाही).

मनाचं म्हणाल तर मला तोच फायदा जास्त वाटला. संथ, एकसारखा दाब पडत राहिला की श्वास आपोआप लांब होतो, छातीतली धडधड उतरते, आणि पाऊण तास फोन बाहेर असतो हेही आहेच. चरकसंहितेत अभ्यंगाला गाडीच्या आसाला तेल घालायची उपमा आहे, स्कूटरवाल्या माणसाला ती लगेच पटते. आमची आजी टाळू, कान आणि तळपायाला कोमट खोबरेल चोळायची, आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानंही याच तीन जागा खास सांगितल्यात, पण आजीला कोण वाग्भट.

तिसऱ्या वेळी गेले तर अंगात कणकण होती. ताईंनी कपाळाला हात लावला आणि सरळ म्हणाल्या, आज नाही, ताप उतरल्यावर ये. पैसे घेतले नाहीत. खरं सांगते, माझा विश्वास त्या दिवशी बसला.

आता तक्रारी. भिंतीवर ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर’ असा मोठा बोर्ड आहे, तो काढा हो, ते काम लिव्हर-किडनी करतात, घामातून जातं ते मुख्यतः पाणी आणि मीठ. सात सीटिंगचं पॅकेज घ्या म्हणून काउंटरवरचा मुलगा दर वेळी मागे लागतो. वेळ दिलेली अकराची, नंबर लागतो पावणेबाराला. पार्किंग नाहीच. शिरोधारा २२०० ला आहे, एकदा केली, कपाळावर तेलाची धार चालू असताना मी चक्क घोरले म्हणे, पण केसांतलं तेल तीन वेळा धुऊनही गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मीटिंग होती.

आता आईला घेऊन जायचंय. तिला हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ व्हायची गोळी दिलीय, म्हणून आधी त्यांना विचारणार, ते नको म्हणाले तर घरीच तळपायाला हलक्या हातानं तेल लावीन.

आणि हो, जाताना जुना टॉवेल आणि जुनाच ड्रेस न्या. माझा चिकनचा कुर्ता गेला.