मोपाजवळचा प्लॉट की इंडेक्स फंड? पहिली बचत कुठे लावावी

चवथीला मूळ घरी सगळे जमले की माटोळीखाली जमिनीच्या गोष्टी निघतातच. यंदा भाचीने विचारले, "मामा, बारा लाख साठलेत. मोपा विमानतळाच्या बाजूला अडीचशे चौरस मीटरचा प्लॉट बत्तीस लाखांना मिळतोय, वीस लाख कर्ज काढावे लागेल. घेऊ, की पैसे शेअरमध्ये घालू?" ती सत्तावीस वर्षांची आहे, पणजीत नोकरी, पुढच्या वर्षी लग्न. तिला त्या रात्री जे सांगितले ते सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न पडलेली मुले मला दर महिन्याला भेटतात.

दोन्हीकडे दहा-पंधरा वर्षे थांबायची तयारी हवी, हे तर खरेच. पण थांबणे दोन तऱ्हांचे असते. जमिनीत कागद सांभाळत थांबावे लागते, शेअरमध्ये मन सांभाळत. आपल्याला यातले कुठले जमेल हे ज्याने त्याने आधी स्वतःला विचारावे.

जमिनीचे कागद

दलाल पहिल्यांदा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची प्रत, दाखवतो. कब्जेदाराच्या रकान्यात विकणाऱ्याचे नाव दिसले की नवखा माणूस निर्धास्त होतो. हा उतारा म्हणजे मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे, आणि त्यातले बाकीचे रकाने जास्त महत्त्वाचे आहेत. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर १९६४चा कूळ कायदा आणि कुळाला मालकी देणारी १९७६ची पाचवी दुरुस्ती मध्ये येते. 'इतर हक्क' या रकान्यात कुणाच्या घराची नोंद असेल तर १९७५चा मुंडकार कायदा येतो; मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. ते नाव असलेला माणूस चाळीस वर्षांपूर्वी वारला असला तरी त्याचे वारस आहेत. मामलेदाराकडे दावा उभा राहिला की तुमच्या पंधरा वर्षांतली दहा तिथेच जातात.

मग विकणाऱ्याचे कुटुंब. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि स्थावर विकताना दोघांची सही लागते. वडिलोपार्जित जमिनीचा मालक वारला असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातली वाटणी, झाली आहे का हे विचारायलाच हवे. ती झाली नसेल तर प्रत्येक वारस आणि त्याचा जोडीदार सहीला हवा. एक बहीण मस्कतला, एक भाऊ लिस्बनला, तिसऱ्याशी बोलणे बंद. आमच्या भाटाची, म्हणजे बागायतीची, इन्व्हेंटरी नऊ वर्षे चालली. त्या काळात दोन काका गेले आणि त्यांच्या मुलांना नव्याने बोलवावे लागले. कुणी लबाडी केली नव्हती, तरी नऊ वर्षे गेली.

लबाडी होते तेव्हा काय होते तेही गोव्याने पाहिले आहे. परदेशी असलेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांवर विकल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की २०२२च्या जूनमध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. म्हणून जमीन घेऊन झाली तरी काम संपत नाही. कुंपण घालायचे, म्यूटेशन करून आपले नाव चढवायचे, दरवर्षी नवा उतारा काढून बघायचा.

तिसरी गोष्ट झोन. सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा, झोन नसेल तर घर बांधता येणार नाही, आणि सेटलमेंट असले तरी सनद, म्हणजे जमीन बिगरशेती वापरायची परवानगी, लागते. "झोन बदलून देतो" या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली झोन बदलण्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. भातशेत तर बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३च्या कायद्याने निर्बंध आहेत. स्वस्तात मिळणारे शेत स्वस्त का आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते.

एवढे सांगूनही मी जमिनीच्या विरोधात नाही. गोव्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यात जंगल, खाजने (बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेते), किनारपट्टीचे नियम. बांधण्याजोगी निर्वेध जमीन थोडीच उरते आणि ती हवी असणारे देशभरातून येतात. पण वाट किती बघावी लागते ते मोपानेच दाखवले. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००० साली मिळाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पर्यावरणाच्या परवानगीवरून काम अडले. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झाले, विमाने जानेवारी २०२३पासून. पहिल्या बातमीवर कर्ज काढून प्लॉट घेणाऱ्याचे कर्ज विमान उतरण्याआधीच फिटायला हवे होते.

बाजारातला धीर

शेअरमध्ये कागदाचा त्रास जवळजवळ नाही. शेअर ठेवायचे डीमॅट खाते उघडायला एखाद-दोन दिवस लागतात. विकले की दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे. तीन लाखांची गरज पडली तर तीन लाखांचेच विकता येते; प्लॉटची एक कड तोडून विकता येत नाही. इथे सगळा त्रास मनाचा आहे.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि सव्वा वर्षात ८ हजारांच्या आसपास आला. परत २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२०च्या जानेवारीत ४२ हजार, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली, आणि त्याच डिसेंबरच्या शेवटी ४७ हजारांच्या वर. कागदावर हे सोपे वाटते. मी २००७ मध्ये दरमहा तीन हजारांची एसआयपी, म्हणजे फंडात नेमाने ठरावीक रक्कम घालणे, सुरू केली होती आणि २००८च्या ऑक्टोबरमध्ये घाबरून बंद केली. जे महिने स्वस्तात घ्यायचे होते तेच मी सोडले. ते मला अजून सलते, आणि म्हणूनच नव्या माणसाला मी परताव्याआधी पडझडीचे आकडे दाखवतो.

परताव्याचा आकडाही नीट पारखून घ्यावा. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ साली १०० धरला होता. तिथून जुलै २०२४च्या ८० हजारांपर्यंत वर्षाला जवळपास सोळा टक्के पडतात. पण २००८च्या शिखरावर घेतलेल्याला त्याच ८० हजारांपर्यंत, लाभांश सोडून, वर्षाला साडेआठ टक्क्यांहून किंचित कमीच मिळाले. विकणारा तुम्हाला सोळा सांगेल. तुम्ही आठ धरून चला.

आणि एकाच कंपनीवर बेतू नका. सत्यमच्या भागधारकांना जानेवारी २००९ मध्ये एका सकाळी कळले की हिशेबच खोटे होते. आपल्याकडे तर याहून जवळचे उदाहरण आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. डिचोली, सांगे, कुडचडे भागात कित्येकांचा पगार खाणीचा, कर्ज ट्रकचे, घर खाणपट्ट्यात, आणि हौसेने घेतलेले शेअरही खाणकंपनीचे. सगळे एकाच वेळी थांबले. गोव्यात नोकरी, गोव्यात घर आणि गुंतवणूकही गोव्यातच असणाऱ्याला देशभरच्या पन्नास कंपन्यांत पैसे विखुरणारा निफ्टीचा साधा इंडेक्स फंड मला म्हणून जास्त पटतो. त्याचा खर्चही वर्षाला थोडाच असतो.

भाचीचा हिशेब

वीस लाख कर्ज, पंधरा वर्षे, नऊ टक्के व्याज. हप्ता साधारण वीस हजार तीनशे. प्लॉटला भाडे नाही, म्हणजे हप्ता पूर्ण पगारातून. तेच बारा लाख आणि दरमहा वीस हजार इंडेक्स फंडात आठ टक्क्यांनी वाढले तर पंधरा वर्षांनी एक कोटी सात-आठ लाख होतात. तेवढे व्हायला बत्तीस लाखांच्या प्लॉटला दरवर्षी साडेआठ टक्के वाढावे लागेल, सलग पंधरा वर्षे. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील, कुंपण हे सगळे वर. अशक्य नाही, गोव्यात याहून जास्तही वाढले आहे. पण कागद स्वच्छ असेल तरच ती वाढ हाती येते.

हप्त्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. बँकेचा हप्ता माणूस चुकवत नाही, एसआयपी मात्र सहज थांबवतो. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला कर्जाची शिस्त उपयोगी पडते.

फ्लॅटचे गणित थोडे वेगळे. समजा फोंड्यात पन्नास लाखांचा फ्लॅट चौदा हजार भाड्याने दिला. एखादा महिना रिकामा, सोसायटी, घरपट्टी, रंगकाम वजा जाता वर्षाला सव्वा लाखसुद्धा हातात उरत नाही, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. राहायला घ्यायचा असेल तर हा हिशेब लावूच नये. स्वतःच्या घराची किंमत वेगळी असते.

करात आता फारसा फरक उरलेला नाही. जमीन दोन वर्षांनी, शेअर एका वर्षानंतर विकले तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. शेअरमध्ये वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सुटतो.

लग्नाचे मात्र तिला मुद्दाम सांगितले. करार न करता लग्न केले तर आधीचा प्लॉट काय आणि आधीचे फंड काय, दोन्ही दोघांचे होतात. वेगळे हवे असेल तर करार लग्नाआधीच करावा लागतो. आणि डीमॅटला नॉमिनी घातला म्हणजे तो मालक होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरबाबत हे स्पष्ट केले आहे. मालकी वारसाहक्काने ठरते.

माझे मत मी तिला स्पष्ट सांगितले. मूळ घरात तिच्या आईचा वाटा आहे, म्हणजे जमीन तिच्या नशिबात आधीच थोडी आहे. प्लॉटवर पाच-सात वर्षांत घर बांधून राहायचे असेल तर घ्यावा, नुसता भाव वाढेल म्हणून कर्ज काढू नये. आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवावा, मग दरमहा फंड सुरू करावा, आणि तोवर कागद तपासत राहावे.

तिने दोन्ही केले. वीस हजारांची एसआयपी पुढच्याच महिन्यापासून चालू झाली. प्लॉटचे कागद म्हापशाच्या एका वकिलाकडे दिले. तीन आठवड्यांनी त्याने सांगितले की जुन्या सर्व्हेत कुळाच्या रकान्यात एक नाव आहे आणि ते निघाल्याचा आदेश सापडत नाही. विकणारा म्हणतो, शोधून देतो. भाचीने बयाणा दिलेला नाही.