विजेच्या सायकलचे डिस्क ब्रेक आणि दुर्लक्षित आतला पॅड : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या विजेच्या सायकलच्या पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले, तेव्हा ग्वाल्हेरमधील सेवा केंद्राने पॅड सुटे मिळत नाहीत, पूर्ण कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलावा लागेल आणि तो यायला तीन-चार आठवडे लागतील, असे सांगितले. झिजण्यासाठीच बनवलेली दीड-दोनशे रुपयांची वस्तू संपली म्हणून तिच्या कित्येक पट किमतीचा धडधाकट भाग फेकून द्यावा, हे मला मुळीच पटले नाही. जुना पॅड काढून मी लष्कर भागातील सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात नेला आणि तो ताडून पाहिल्यावर अगदी तशीच जोडी मिळाली. पॅडची निवड सायकलच्या नावावरून होत नाही, कॅलिपरमध्ये बसणाऱ्या त्याच्या आकारावरून होते. म्हणून जुना पॅड सोबत नेल्यावाचून खरेदीला जाऊ नये.

मात्र या ब्रेकची खरी गोम आतल्या पॅडमध्ये आहे आणि तिच्याविषयी मला जरा विस्तारानेच लिहायचे आहे. आपल्याकडील बहुतेक स्वस्त विजेच्या सायकलींना केबलवर चालणारा एकतर्फी कॅलिपर असतो. हँडलवरचा लीव्हर दाबला की फक्त बाहेरचा पॅड सरकतो, तो डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर टेकवतो आणि मग पकड येते. आतला पॅड जागेवरून हलत नाही. तो झिजला की चाकाच्या बाजूचा स्क्रू ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) फिरवून त्याला पुढे आणावे लागते. मिस्त्री, आणि सेवा केंद्रातील कारागीरसुद्धा, तक्रार ऐकताच केवळ केबल ताणून देतात. त्यामुळे केबल जिला ओढते त्या कॅलिपरच्या दांडीची चाल आधीच खर्च होते, डिस्क अधिक वाकते आणि काही दिवसांतच लीव्हर पुन्हा मुठीला टेकू लागतो. केबल सैल करून, आतला पॅड डिस्कला जेमतेम न घासेल इतका जवळ आणून, त्यानंतर बाहेरचा पॅड जुळवला, तेव्हा याच ब्रेकने अशी पकड दाखवली की सायकल नवी असतानाही ती मला मिळाली नव्हती. वापरपुस्तिकेत या स्क्रूचा उल्लेखही नाही, याचा मला आजही राग येतो.

मागच्या चाकाचे काम अधिक किचकट आहे. चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या हब मोटारचे कवच कॅलिपरला इतके खेटून असते की आतल्या स्क्रूपर्यंत नेहमीची ॲलन की पोहोचत नाही. तिची आखूड बाजू घालून थोडे थोडे फिरवावे लागते.

पहिल्या महिन्यात केबलचा ब्रेक काढून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, बसवावा, असे माझे ठाम मत झाले होते. आता ते तसे राहिलेले नाही. आपल्या लीव्हरमध्ये मोटार बंद करणारा सेन्सर असतो. तो नसलेला साधा लीव्हर लावला तर थ्रॉटल (मोटारला वेग देणारा खटका) चालू असताना एकीकडे ब्रेक ओढतो आणि दुसरीकडे मोटार ढकलत राहते. सेन्सर असलेला हायड्रॉलिक लीव्हर, मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरला जुळणारा त्याचा जोड आणि पुढे तेल भरून हवा काढण्याचे काम, हे सारे शोधत बसण्यापेक्षा कोणत्याही दुकानात मिळणारी केबल मला अधिक भरवशाची वाटते. किल्ल्यावरच्या गुरुद्वाऱ्यातून परतताना उरवाई दरवाजाकडचा उतार लागतो, आणि मोटार-बॅटरीच्या वजनासह ही सायकल तिथे जोरात ओढ घेते. नीट जुळवलेल्या केबलच्या ब्रेकवर आता तो उतार मी निर्धास्तपणे उतरतो. फक्त ब्रेक सतत दाबून न धरता मधून मधून सोडतो, म्हणजे डिस्क फार तापत नाही.

पॅड मी रेझिनचेच, म्हणजे राळेसारख्या पदार्थात बांधलेले मऊ, घेतले. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात, पण ते आवाज जास्त करतात, आणि ज्या डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते तिला ते लवकर खातात. माझ्या १६० मिमी डिस्कवर तशी सूचना आहे. डिस्कची जाडीही मोजून घ्यावी. नवी साधारण १.८ मिमी असते आणि १.५ मिमीपर्यंत उतरली की बदलायची. माझी अजून शाबूत आहे, तरीही सेवा केंद्राच्या अंदाजपत्रकात तीही होतीच!

नवे पॅड बसवल्यावर सकाळी मेळा मैदानाच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमीच्या आसपास वेग घेऊन, चाक जाम न होऊ देता, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावण्याची कृती पुन्हा पुन्हा केली. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसेपर्यंत पकड कमीच राहते, त्यामुळे पहिल्याच दिवशी पॅडला नावे ठेवू नयेत. साखळीला तेल मारताना डिस्क कापडाने झाकावी. तेल प्यालेला पॅड सहसा पूर्ववत होत नाही.

एक तक्रार मात्र शिल्लक आहे. पावसात भिजल्यावर पहिल्या काही ब्रेकना पुढचे चाक कर्कश किंचाळते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही ते पूर्णपणे थांबलेले नाही. पकडीत फरक पडत नसल्यामुळे त्यासाठी आणखी खर्च करण्याचा माझा विचार नाही. मागच्या पॅडची जोडी आणून ठेवली आहे आणि ती मी घरीच बसवणार आहे.