सह्याद्रीचा गेम-मॅप करायचाय? उपग्रहचित्र कुठून घ्यावं

समजा हरिश्चंद्रगडाभोवतीचा दहा बाय दहा किलोमीटरचा तुकडा गेममध्ये आणायचाय. आर्मा ३ या युद्ध-गेमचा मोड (खेळाडूंनी केलेली भर) असो की अनरियल या गेम-इंजिनातला स्वतःचा गेम, पहिला प्रश्न एकच: जमिनीचं चित्र कुठून घ्यायचं? व्यवहारात पर्याय चार. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह, आपल्या इस्रोचा डेटा, गूगल अर्थ आणि तत्सम नकाशे, आणि विकतचं चित्र.

पण त्याआधी खेळाडू जमीन कुठून बघणार, हे ठरवा. विमानातून बघणार असेल तर दहा मीटरचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर) बऱ्यापैकी चालून जातो. पायी फिरणार असेल तर कुठलंच उपग्रहचित्र पुरत नाही, तीस सेंटिमीटरचं महागडंसुद्धा. पायाखाली दिसतं ते गवताचं, मुरमाचं, कातळाचं वेगळं टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर चढवलेलं जवळचं चित्र. उपग्रहचित्राकडे कामं दोनच: लांबून दिसणारा रंग देणं, आणि कुठे झाडी, कुठे कातळ, कुठे भातखाचरं हे सांगणं. बहुतेक जण जास्तीत जास्त स्पष्ट चित्राच्या मागे लागतात. माझ्या मते तिथेच वेळ आणि पैसा फुकट जातो.

म्हणून माझी पहिली पसंती सेंटिनेल-२. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडायचं, चौकोन आखायचा, ढगांचं प्रमाण कमी ठेवून शोधायचं. लाल, हिरवा, निळा आणि निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) हे चारही बँड, म्हणजे प्रकाशाचे पट्टे, दहा मीटरचे. दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा टिपतात. चित्र व्यावसायिक गेममध्येही वापरता येतं, फक्त सुधारित कोपर्निकस सेंटिनेल डेटा वापरल्याचा उल्लेख वर्षासह करायचा. लेव्हल-२ए घ्या, त्यात वातावरणाचा धूसरपणा काढलेला असतो.

आता हिशोब. दहा किलोमीटर म्हणजे सेंटिनेलचे १००० बाय १००० पिक्सेल. आर्माच्या एवढ्या मॅपला १०२४० बाय १०२४० चं चित्र लागतं, म्हणजे मीटरला एक पिक्सेल. सेंटिनेलचा एक ठिपका गेमच्या शंभरेक ठिपक्यांवर पसरणार. नुसतं मोठं केलं तर गोधडी दिसते. म्हणून ते आधी गुळगुळीत करायचं आणि वर बारीक नॉइज (विस्कळीत ठिपके) चढवायचा.

खरी मेख आहे महिन्याची. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर ढगच ढग, त्यामुळे ज्या हिरव्यागार सह्याद्रीसाठी हा खटाटोप, तो चित्रात जवळजवळ सापडतच नाही. ऑक्टोबरातलं पहिलं स्वच्छ चित्र मिळालं तर पदरात पाडून घ्या. डिसेंबर-जानेवारीत आकाश मोकळं असतं, पण सेंटिनेल सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, आणि आपले मोठे कडे नेमके पश्चिमेला तोंड करून उभे. सगळ्या कोकणाकडच्या बाजूवर लांबच लांब सावल्या. त्या चित्रात भाजलेल्या असतात. गेममध्ये सूर्य मावळतीला नेलात तरी कडा काळाच. एप्रिलमध्ये सावल्या आखूड होतात, पण माथा पिवळा पडतो आणि मधेच वणव्याचे काळे डाग दिसतात.

मी रंगासाठी ऑक्टोबर आणि मास्कसाठी एप्रिल घेईन. मास्क म्हणजे कुठल्या जागी कुठलं टेक्स्चर, हे इंजिनाला सांगणारं चित्र. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये बँड ८ (निअर-इन्फ्रारेड) वजा बँड ४ (लाल), भागिले दोघांची बेरीज, एवढंच करायचं. जितकी हिरवाई, तितकी ही किंमत जास्त. ऑक्टोबरात गवत आणि झाडी दोन्हींची किंमत वर येते. एप्रिलमध्ये गवत कोसळतं. तेव्हाही जे वर टिकून राहतं ती सदाहरित राई, नाहीतर कुणाचं तरी भिजवलेलं शेत. सपाटी बघून शेत वेगळं काढता येतं. हे काम तीस सेंटिमीटरचा नुसता रंगीत फोटो करून देणार नाही.

इस्रोचा पर्याय ऐकायला जास्त मोहक आहे. भूनिधी पोर्टलवर रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-४ कॅमेऱ्याची चित्रं मिळतात, ५.८ मीटरची, म्हणजे सेंटिनेलहून बारीक. पण या कॅमेऱ्यात निळा बँडच नाही. हिरवा, लाल आणि निअर-इन्फ्रारेड एवढंच. नेहमीच्या मांडणीत जंगल लालभडक दिसतं. नैसर्गिक रंग हवा तर निळा आपणच अंदाजाने बनवायचा, आणि तो कुठेतरी फसतोच. बांध, पायवाटा, खाचरांच्या कडा उठावदार करायला मात्र लिस-४ उत्तम. रंग सेंटिनेलचा, बारकावा लिस-४ चा, अशी जोडी जमवता आली तर सोन्याहून पिवळं, पण दोन्ही चित्रं एकमेकांवर चपखल बसवायला चिकाटी लागते.

अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह ३० मीटरचा, म्हणून इथे मागे पडतो. १९७२ पासूनचा साठा आहे, त्यामुळे धरणात बुडण्यापूर्वीचं एखादं खोरं उभं करायचं असेल तरच तिकडे वळा.

गूगल अर्थचे स्क्रीनशॉट जोडून मॅप बनवणारे ढिगाने आहेत. चित्र झकास दिसतं, वाद नाही. पण ठोक डाउनलोड करायला आणि त्यावरून स्वतःचा डेटा बनवायला त्यांच्या अटींत मनाई आहे. मोड स्टीम वर्कशॉपवर (मोड सगळ्यांना वाटायची जागा) टाकला की गोष्ट खासगी राहत नाही. शिवाय ते चित्र वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून बनलेलं असतं. डोंगराच्या मधोमध हिरवा आणि पिवळा ऋतू शेजारी शेजारी नांदतात. पाहायला वापरा, उचलू नका.

विकतचं चित्र पेलणारा स्टुडिओ असेल तर किमतीआधी परवाना वाचावा. साध्या परवान्यात चित्र आपल्यापुरतं वापरता येतं, गेममधून लोकांना वाटता येईलच असं नाही. ते लेखी विचारून घ्या.

उंचीसाठी फार घोळ घालू नये. कोपर्निकस जीएलओ-३० हा तीस मीटरचा उंचीचा डेटा घ्या. एसआरटीएम हे अमेरिकेचं उंचीचं मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं, आणि उभ्या उतारांवर त्याच्या मूळ मोजणीत भोकं होती. फक्त जीएलओ-३० ची फाइल अंशांमध्ये येते, ती यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या मांडणीत बदलायला विसरू नका. नाहीतर एकोणीस अक्षांशावर गड पूर्व-पश्चिम पाच-सहा टक्के रुंद होतो. अनरियलमध्ये झेड स्केल (उंचीचा गुणक) १०० ठेवली तर सगळी मिळून ५१२ मीटरचीच उंची मावते. १२०० मीटरचा फरक असेल तर ती २३४.३७५ करावी लागते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं काय? हाइटमॅपमध्ये, म्हणजे उंचीच्या चित्रात, एका जागेला एकच उंची, त्यामुळे आत वळलेला कडा त्यात बसतच नाही. तीस मीटरच्या जाळीत तर सरळ भिंतीचाही उतार होतो. तेवढा भाग वेगळा मेश (त्रिमितीय आकार) म्हणून करावा लागतो, आणि त्यासाठी कड्याच्या पायथ्याच्या बेलपाड्याकडून वर बघत काढलेले भरपूर फोटो लागतात. ड्रोनचा मोह झाला तर हा भाग अभयारण्यात येतो हे लक्षात ठेवा; वनखात्याची परवानगी आधी, उड्डाण नंतर.