फ्रीॲक: मोबाइलची रेकॉर्डिंग मंडपाच्या सिस्टीमवर वाजवायची असेल तर

नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला पेनड्राइव्ह जुन्या ॲम्प्लिफायरला लावला अन् फाइल दिसतच नाही, याचं कारण बहुतेकदा फॉरमॅट असतं. मोबाइल रेकॉर्डर बहुधा एम४ए देतो, व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट ओपस असते. जुनी यंत्रं बहुधा फक्त एमपी३ ओळखतात.

फ्रीॲक हे फाइलचा फॉरमॅट बदलणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं अन् पूर्ण फोल्डर एकदम बदलतं. एन्कोडर (एमपी३ बनवणारा भाग) लेम निवडा. भाषणाला मोनो (एकच चॅनेल) अन् ६४ केबीपीएस बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, पुरे; गाण्याला १९२. हा बिटरेट स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटच्या फाइलची वेळ काही जुने प्लेअर चुकीची दाखवतात. एक खोट मात्र आहे: फाइलचं नाव फ्रीॲक टॅगवरून, म्हणजे फाइलमधल्या गाणं-गायकाच्या नोंदीवरून ठरवतं. रेकॉर्डिंगला टॅग धड नसतात, त्यामुळे नावांचा गोंधळ होऊ शकतो. सेटिंगमध्ये मूळ फाइलचं नाव ठेवायला सांगा, अन् नावं इंग्रजी अक्षरांत असू द्या. स्वस्त डिस्प्लेवर देवनागरीचे चौकोन होतात.

एमपी३ची फ्लॅक (आवाज न गाळणारा, मोठ्या फाइलचा फॉरमॅट) करू नका. एमपी३ करताना उडालेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. मूळ रेकॉर्डिंगही पुसू नका, कारण एमपी३ करताना दर वेळी थोडा आवाज जातोच.

व्हिडिओतून आवाज काढायचा तर एफएफएमपेग घ्या, ते कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर आहे. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर, पण त्यात मोठा फोल्डर उरकायचा म्हणजे डोकेदुखीच. ऑनलाइन कन्व्हर्टरवर घरगुती किंवा कोर्टकचेरीची रेकॉर्डिंग तर चढवूच नका.

पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीत फॉरमॅट केलेला हवा. विंडोजची दुसरी पद्धत, एनटीएफएस, अनेक प्लेअर वाचत नाहीत.