ऑइल फिल्टर काढायला कोणता पाना घ्यावा: बेल्ट, तीन पायांचा की कप?

घरी गाडीचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट (जुनं तेल काढायचा खालचा बोल्ट) सहसा त्रास देत नाही, अडतं ते फिल्टरपाशी. खरं तर फिल्टर हातानेच बसवायचा असतो. रबरी रिंग टेकल्यावर जेमतेम पाऊण फेरी. पण बऱ्याच गॅरेजमध्ये तो पान्याने आवळतात, वर इंजिनच्या उष्णतेने रिंग चिकटून बसते. त्यामुळे पाना हवाच.

बेल्टचा पाना कुठल्याही मापाला चालतो, म्हणून बहुतेक जण आधी तोच घेतात. फिल्टर मोकळ्या जागी असेल तर तो वाईट नाही. पण लहान गाड्यांत अशी जागा क्वचितच मिळते. दांडा जरासा फिरतो आणि कशाला तरी अडतो. मग बेल्ट सैल करा, मागे न्या, पुन्हा ताणा. एवढ्यात फिल्टर किंचित ढिला होऊन तेल पाझरायला लागतं आणि तेलकट पत्र्यावरून बेल्ट नुसता सटकत राहतो. आपण गाडीखाली उताणे, कोमट तेल मनगटावरून कोपराकडे निघालेलं, आणि फिल्टर आहे तिथेच! माझं मन बेल्टवरून उडालं ते यामुळेच.

तीन पायांचा पाना रॅचेटवर (न काढता पुढे-मागे फिरवता येणारा दांडा) लागतो आणि जोर लावाल तशी पकड घट्ट होते. पत्रा चेपतो, पण जुना फिल्टर फेकायचाच असतो. अडचण एकच, फिल्टरच्या भोवती पायांपुरती जागा लागते.

कप थेट फिल्टरच्या डोक्यावरच्या कंगोऱ्यांत बसतो. मागे एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी वाढवणारा दांडा, लावलं की रॅचेट मोकळ्या जागेत फिरवता येतो, आणि तेल हातावर येत नाही. मात्र माप तंतोतंत हवं. एकाच गाडीच्या दोन कंपन्यांच्या फिल्टरचे कंगोरेही वेगळे असू शकतात. म्हणून नवा फिल्टर सोबत घेऊनच मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत जा आणि दुकानातच कप बसवून बघा. हलला तर घेऊ नका.

घरात वेगवेगळ्या दोन-तीन गाड्या असतील तर तीन पायांचा कदाचित सोयीचा पडेल. एकच गाडी असेल तर मी कपच घेईन.

पाना कुठलाही असो, जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. रिंगेवर रिंग बसली तर इंजिन चालू करताच तेल भसाभसा बाहेर येतं.