वेताळाच्या मूळ पट्ट्यांचा खंड: काही महिने वापरून झाल्यावर

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना आधीच सांगतो, यात आपला वेताळ, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला मुखवटेधारी नायक फँटम, आपल्या ओळखीच्या रूपात भेटत नाही. आपण मराठीत वाचला तो बहुतेक विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी यांनी काढलेला, रंगीत. या खंडात १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज आलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रकथेच्या पट्ट्या आहेत. कथा ली फॉकची, चित्रं रे मूरची. जांभळा पोशाख १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानाबरोबर आला. फॉकच्या मनात करडा होता.

मूरसाठी तरी हा खंड घ्यावाच. बॅरीचा वेताळ स्वच्छ उजेडात वावरतो, मूरचा सावलीतून निघतो आणि सावलीत जातो. कित्येक चौकटींत दिसतो तो फक्त मुखवटा आणि खांद्याची कड, बाकी सगळी शाई.

मात्र हे सलग वाचायचं काम नाही. रोजच्या पट्टीत तीन-चार चौकटी. त्यातली पहिली बऱ्याचदा कालचं सांगण्यात जाते आणि शेवटची उद्यासाठी अडकवून ठेवते. पन्नास पानं एका बैठकीत वाचलीत तर तेच तेच ऐकून डोकं उठतं. मी रात्री जेवणानंतर एखाद-दोन आठवड्यांच्या पट्ट्या वाचतो, तेवढ्याच पुरतात. इंद्रजालवाल्यांनी चौकटी कापून, हलवून उभ्या पानात का बसवल्या, तेही इथे कळतं. कथा पळायला लागली, पण मूळची लय गेली. नावंही बदलली होती: वेताळाचे जुने वैरी सिंग चाचे आपल्याकडे ‘सिंगा’ झाले, वेताळाचा देश डेंकाली.

पहिली कथा नोव्हेंबरपर्यंत चालते आणि फॉक ती लिहिता लिहिता ठरवतोय हे दिसतं. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐतखाऊ तरुण हाच वेताळ निघणार होता. मध्येच बेत बदलला आणि बिचारा जिमी वाऱ्यावर! दुसऱ्या कथेत विमानातून लूट करणाऱ्या बायकांची टोळी आहे, ती मला जास्त आवडली.

खटकतं ते जंगलातल्या माणसांचं चित्रण. त्या काळाचं म्हणून सोडून देता येईल, पण लहान मुलांच्या हातात देताना शेजारी बसा.

पुस्तक म्हणाल तर आडवं आणि जड. आपल्या नेहमीच्या फळीवर चार बोटं बाहेर येतं, आणि झोपून वाचलं तर मनगट धरतं. शिलाई अजून घट्ट आहे. माझ्या प्रतीत काही पट्ट्यांतल्या बारीक रेषा भरून काळे डाग झालेत, आणि मूरच्या बाबतीत ते जास्तच टोचतं. परदेशातून मागवताना डाकखर्च आणि जकात धरून हिशोब करा.

वेताळाच्या त्याच्या प्रेयसीशी, डायनाशी, लग्नाची कथा हवी असेल तर ती इथे शोधू नका, ती १९७७ ची. मी आता रविवारच्या पानांचा खंड बघतोय, रंगासाठी.