साडेतीन लिटरचा थर्मास आणि अकरा माणसांचे कार्यालय : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्याच्या शनिवार पेठेत आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. मॅडम धरून आम्ही अकरा जण. खालच्या अमृततुल्यातून दिवसाला तीनदा चहा येई आणि जीएसटीची २० तारीख जवळ आली की पाचदा; मात्र दोन जिने चढेपर्यंत तो कोमट झालेला असे. म्हणून जानेवारीत वर्गणी काढून आम्ही नळाचा, स्टीलचा, साडेतीन लिटरचा थर्मास घेतला.

चहा गरम ठेवण्याच्या कामात त्याला नाव ठेवायला जागा नाही. दोन पत्र्यांमधली हवा काढलेली असल्याने उष्णतेला बाहेर जायला फारशी वाट उरत नाही, आणि जी निसटते ती मुख्यतः झाकणातून व नळातून. आधी उकळत्या पाण्याने विसळून, काठोकाठ भरला, तर साडेदहाचा चहा दीड वाजताही फुंकर घालून प्यावा लागतो. अर्धाच भरला तर तो लवकर निवतो. चारच्या सुमारास चहा गरम असतो, पण चव उतरलेली असते. दुधाचा चहा तासन्‌तास कोंडून ठेवल्यावर दुसरे काय होणार?

खरी तक्रार नळाची आहे. फेब्रुवारीत चहाला आंबूस वास येऊ लागला. तीन दिवस आम्ही दूधवाल्याला दोष दिला, गाईचे दूध बंद करून म्हशीचे सुरू केले, आले बदलले. चौथ्या दिवशी आमच्या हिशेबनीस बाईंनी नळाची चकती फिरवून काढली, तेव्हा वायसरच्या मागे सायीचा पिवळट गोळा बसलेला दिसला. नळ सुटा होतो हे माहितीपत्रकात कोठेही लिहिलेले नाही. आता रोज संध्याकाळी नळ खोलून खाण्याच्या सोड्याने धुतला जातो आणि धुण्याच्या पाळ्यांचा कागद विवरणपत्रांच्या तक्त्याशेजारी लावलेला आहे. पाळी चुकवणाऱ्याने सर्वांना वडापाव द्यायचा असतो. मॅडमनी आतापर्यंत दोनदा दिला.

३१ जुलैची धावपळ संपल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही सिंहगडावर गेलो. गाडी गडावर जात असतानाही आतकरवाडीतून चालत चढायचे ठरले, आणि भरलेला थर्मास सर्वांत तरुण सहकाऱ्याच्या सॅकमध्ये गेला. भरल्यावर त्याचे वजन साडेपाच किलोच्या घरात जाते, हे खरेदी करताना कोणाच्या लक्षात आले नव्हते. अर्ध्या वाटेवर त्याची पाठ गरम होऊ लागली. त्याला ते चढणीचे श्रम वाटले. प्रत्यक्षात नळाची कळ सॅकमध्ये दाबली जाऊन चहा झिरपत होता. देवटाक्यापाशी उघडून पाहिले तेव्हा आत जेमतेम सात कप उरले होते आणि त्याच्या भिजलेल्या सदऱ्याला वेलदोड्याचा सुरेख वास येत होता. नंतर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही आल्यावर चहाचा विषय मागे पडला. प्रवासात न्यायचा असेल तर कळीखाली बुचाचा तुकडा घालून दोरीने बांधावा. कळीला खटका देणे कंपनीला अवघड नव्हते.

मार्चच्या अखेरीस अमृततुल्याच्या मालकांनी आमच्यापैकी एकाला जिन्यातच विचारले होते, “काय, सगळ्यांनी चहा सोडला की काय?” तेव्हापासून चारचा चहा आम्ही खाली उभे राहूनच घेतो. तेवढ्या वेळात थर्मास पंख्याखालच्या फायलींवर वजन म्हणून ठेवलेला असतो, आणि त्या कामात तो निर्दोष आहे.